वीस वर्षांपूर्वीचे वीस डॉलर

प्रिय पम्या,

पत्र बघून दचकला असशील. फोन करता आला असता, पण फोनवर तू मध्येच हसतोस आणि मला सांगायचं असतं ते राहूनच जातं. शिवाय यात एक कबुली आहे आणि ती तोंडाने द्यायची माझी छाती नाही. दीड वर्ष तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दलच्या शिव्या शेवटी एकरकमी दे, हप्त्याने नको.

तब्येत बरी. गुडघा आहे तसाच. आई ठीक. झालं.

आपली मालिका बंद केली हे कळलं असेलच. शेवटी नायिका दाराच्या कडीवर हात ठेवून उभी, आतून कुणीतरी तिला लहानपणच्या नावाने हाक मारतं, आणि पडदा काळा. तीन आठवड्यांनी बातमी की तिसरा सीझन नाही. अरे, निदान दार तरी उघडायचं!

मग जगभरचे आपल्यासारखे वेडे एका गटात जमले. दोन दिवस शोकसभा. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, पैसे जमवू. चौथ्या दिवशी प्रश्न आला, ठेवायचे कुणाकडे? आणि मी गाढवाने लिहिलं की मला हिशेबाची सवय आहे. हस. सहलीच्या वर्गणीचं तू अजून काढतोस. तो हिशेब चोख होता, फक्त वही हरवली होती.

आधी ठरलं होतं विमान. 'द एक्सपान्स'च्या वेळी, २०१८ साली, चाहत्यांनी वर्गणी काढून ॲमेझॉन स्टुडिओच्या मुख्यालयावरून 'मालिका वाचवा' असा फलक ओढणारं विमान फिरवलं, आणि त्याच महिन्यात बेझोसने भर कार्यक्रमात सांगून टाकलं की मालिका वाचली. आमच्या गटात हे उदाहरण कुणीही, कधीही, काहीही सिद्ध करायला काढतं. विमानामुळे वाचली, की आतून बोलणी आधीच चालली होती, असं मी एकदा विचारलं. जणू लग्नात येऊन घटस्फोटाचा विषय काढला. पुन्हा विचारलं नाही.

विमानापुरते पैसे आठवड्यात जमले आणि नंतरही येतच राहिले. तेव्हा एकजण म्हणाला, विमान कशाला, सरळ सीझनचाच खर्च आपण उचलू! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र पोटात गोळा आला, कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. तुझ्या तोंडून.

फेब्रुवारी २००५. 'एंटरप्राइज' ही पॅरामाउंटची 'स्टार ट्रेक' मालिका बंद झाल्याची बातमी. तू तीन दिवस कुणाशी बोलला नाहीस आणि चौथ्या दिवशी येऊन म्हणालास, वीस तुझे, वीस माझे, दादाच्या क्रेडिट कार्डावरून चाहत्यांच्या मोहिमेला पाठवू, पाचवा सीझन आपण काढू. आपण! चाळीस डॉलरमध्ये! आणि त्या मोहिमेला खाजगी अंतराळ उद्योगातल्या, नाव न सांगणाऱ्या लोकांनी तीस लाख डॉलर देऊ केल्याचं कळलं, त्या रात्री साडेबाराला तू आमच्या दारात उभा होतास. 'आता पॅरामाउंटला नाही म्हणताच येणार नाही.' पॅरामाउंटला आलं.

नंतर तूच शहाणपणा शिकवायला लागलास की चौथा सीझन मिळाला तोसुद्धा प्रेमाने नव्हे, भागांची संख्या शंभराच्या जवळ गेली की मालिका पुनःप्रक्षेपणाला विकायला बरी पडते म्हणून. अठ्ठ्याण्णव भागांवर दुकान बंद. तेव्हा तुझा राग आला होता. आता वाटतं, आपल्या दोघांत हिशेब कळणारा तूच होतास.

त्या वेळी मला वाटायचं, देतायत लोक पैसे तर घ्यायला काय जातं यांचं? आता खजिनदार झाल्यावर कळतंय काय जातं ते. पैसे घेतले की देणारा विचारायला लागतो. अमक्याला का मारलं, तमकीचं लग्न का लावलं, आणि भाग आवडला नाही तर माझे परत द्या. शिवाय तासाभराच्या एका भागाला दहा-पंधरा लाख डॉलर सहज लागतात, म्हणजे तीस लाखांत फार तर दोन-तीन भाग. आणि नट काही कपाटात घडी घालून ठेवलेले नसतात. त्यांचे करार ठरावीक तारखेपर्यंतच धरून ठेवता येतात. ती तारीख गेली की प्रत्येकजण दुसरीकडे, सेटचं लाकूड तिसरीकडे. आपण वर्गणी मोजत बसतो तोवर मालिका नावाची वस्तू विरघळून गेलेली असते.

जिथे जमलं तिथे काय होतं ते मी बसून बघितलं. (नोकरीच्या वेळात. सोड.) 'व्हेरॉनिका मार्स' २००७ साली बंद पडली, २०१३ साली तिचाच निर्माता रॉब थॉमस लोकांपुढे आला. मागितले वीस लाख डॉलर, ते एका दिवसाच्या आत आले. शेवटी ९१,५८५ लोकांनी मिळून सत्तावन्न लाख दिले आणि पुढच्या वर्षी सिनेमा आला. लोक 'चाहत्यांची ताकद' म्हणतात. मला त्यात वेगळंच दिसतं. हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे होते आणि त्यांनी आधी होकार दिला होता. म्हणजे घरमालकाने स्वतःच झोळी पुढे केली होती. 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' चंही तेच, २०१५ साली तिचा मूळ निर्माताच मागायला उभा होता. आम्ही मात्र दुसऱ्याच्या बंद घराबाहेर उभं राहून भाडं गोळा करत होतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, पम्या. त्या दोघांनी मागितले ते किकस्टार्टर या वर्गणीच्या संकेतस्थळावर, आणि तिथे ठरलेली रक्कम पुरी झाली नाही तर कुणाच्या कार्डावरून पैसे जातच नाहीत. वचन असतं, व्यवहार नसतो. आम्ही शहाण्यांनी थेट खात्यात घेतले. वचन मोडलं तर वाईट वाटतं, खात्यातले पैसे मात्र तिथेच बसून तुमच्याकडे बघत राहतात.

आणि मालिका काढणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं. दोन ओळींचं. प्रेक्षकांच्या प्रेमाबद्दल आभार, बाहेरून आर्थिक सहाय्य स्वीकारण्याचं धोरण नाही. आमच्या पत्राला अकरा पानं होती, सोबत तक्ता होता, तक्त्याला रंग होते.

तेव्हापासून गटाचे तीन तुकडे झालेत. एक विमानवाले. दुसरे दानवाले, सगळं एखाद्या चांगल्या कामाला देऊन टाका म्हणणारे. २०१८ साली 'शॅडोहंटर्स'च्या चाहत्यांनी मालिका वाचवा म्हणता म्हणता ट्रेव्हर प्रोजेक्टसाठी, म्हणजे समलिंगी वगैरे तरुणांच्या आत्महत्या रोखायला झटणाऱ्या संस्थेसाठी, पैसे जमवले होते, तो दाखला घेऊन ते बसलेत. विचार वाईट नाही, पण त्या लोकांनी दानासाठी म्हणून मागितले आणि दानासाठीच घेतले. आमच्या लोकांनी दार उघडायला पैसे दिले होते. एका नावाने घ्यायचे आणि दुसऱ्या नावाने खर्चायचे, याला माझ्याकडे एकच शब्द आहे, आणि तो शब्द मला कुठून माहीत आहे त्याच्यावर येतोच. तिसरा तुकडा परतावावाल्यांचा, त्यात मी आणि दोन आज्या.

परतावा म्हटलं तर सोपं वाटतं ना? चारशे बारा नावं. प्रत्येकासमोर एक बटण. दाबलं की 'खात्री आहे का?' पुन्हा दाबायचं. पैसे आत येताना मधल्या कंपनीने आपली कात्री लावलेली, ते परत मिळत नाहीत. म्हणजे ज्याचे जेवढे त्याला तेवढे पुरे द्यायचे तर फरक कुणीतरी भरायचा. मी भरतोय. तुझ्या वहिनीला माहीत नाही, आणि तुझ्याकडून कळायचीही गरज नाही.

सर्वांत त्रास दिला तो एका पोराने. नऊ वेळा थोडे थोडे पाठवलेले, खाऊचेच असणार. त्याने लिहिलं, 'काका, परत नका करू. परत केलेत की मग ती खरंच संपली.' दोन दिवस ते बटण मी दाबलं नाही. तिसऱ्या दिवशी दाबलं. अजून माझ्याशी बोलत नाही.

आणि परवा रात्री मी दोनशे सत्त्याऐंशीव्या ओळीवर आलो. देणाऱ्याचं नाव, पोर्थोस.

'एंटरप्राइज'च्या कॅप्टन आर्चरच्या कुत्र्याचं नाव आजच्या काळात दुसरं कोण लावणार? तो कुत्रा आजारी पडतो तो भाग मी सगळ्या मालिकेतला रद्दी भाग म्हणालो होतो आणि तू डोळे पुसत उठून गेला होतास, दोन आठवडे अबोला. (अजूनही रद्दीच आहे.) शेवटच्या भागात ट्रिपला, जहाजाच्या इंजिनिअरला, मारला तेव्हाही तू एवढा रडला नव्हतास. तेव्हा नुसता चिडला होतास, की आमच्या मालिकेचा शेवट दुसऱ्याच मालिकेतला रायकर येऊन होलोडेकवर, म्हणजे आभासी देखाव्यांच्या खोलीत, बघतो म्हणजे काय! त्याच दिवशी शपथ घेतलीस, यापुढे कुठल्याही मालिकेला दमडी देणार नाही. वीस वर्षं पाळलीस. आणि मग गुपचूप इथे येऊन दिलेस. वीस डॉलर. मोजून.

देणाऱ्याला एक ओळ लिहायची सोय ठेवली होती. बहुतेकांनी 'दार उघडा' लिहिलंय. तू लिहिलंस, 'खजिनदार तोच आहे ना? मग पावती आधीच द्या.'

मी खुर्ची मागे सरकवून बराच वेळ तसाच बसलो.

आता ऐक. त्या २००५ च्या मोहिमेने लोकांचे पैसे परत केले होते. आपलेही. दादाच्या कार्डावर चाळीसच्या चाळीस जमा झाले आणि दादाने ते मला रोख दिले. तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, 'नाही रे, एवढ्या लांबून कुठे परत येतात.' तू म्हणालास, 'जाऊ दे, चांगल्या कामाला गेले.' चांगल्या कामाला म्हणजे माझ्या हेडफोनला. ते काळे, डाव्या कानाला खरखरणारे. तू ते सहा महिने वापरलेस, म्हणजे निम्मा हिशेब तिथेच फिटला अशी मी मनाची समजूत घातली होती. आधी सांगायचं राहिलं, मग सांगायला उशीर झाला, मग इतका उशीर झाला की सांगणंच विचित्र वाटायला लागलं. लग्नात तुला पाकीट देताना वीस डॉलर जास्त घालावे असं मनात आलं होतं. घातले नाहीत.

तुला कधीपासून माहीत होतं? दादा बोलला? की हेडफोन बघूनच कळलं? आणि माहीत असून वीस वर्षं बोलला नाहीस, आणि सगळं सोडून माझ्याच हातात पुन्हा तेवढेच ठेवलेस, ते का? चिडवायला, की मालिकेसाठी? दोन्ही असेल तर तसं लिही. पण नुसतं चिडवायला असेल तर मला फार लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

गटातले लोक म्हणतात, मी परताव्याच्या बाबतीत एवढा हट्टी का. त्यांना काय सांगू? चारशे अकरा जणांना वाटतं मी तत्त्वाचा माणूस आहे.

बाकी तुझं नवं घर झालं असं वहिनींकडून कळलं, फार छान, बघायला येईन. धाकटीचा निकाल चांगला लागला म्हणे, तिला शाबासकी आणि तुझ्यावर गेली नाही याबद्दल देवाचे आभार. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? त्यांना नमस्कार सांग.

हो, एक राहिलंच, आणि खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो होतो. तुझ्या ओळीवरचं बटण मी काल दाबलं. 'खात्री आहे का?' हो. सकाळी निरोप आला की ते कार्ड बंद झालंय, रक्कम परत फिरली. चारशे अकरा सुटले आणि तू अडकलास. तुझा सध्या वापरात असलेला खाते क्रमांक कळव. चाळीस पाठवायचे आहेत, वीस या वेळचे आणि वीस तेव्हाचे. व्याज मागू नकोस, हेडफोनचं भाडं लावीन.

पावती सोबत जोडली आहे. दोन्हींची.

तुझा,
खजिनदार (तोच)