काका, त्या लाल पट्ट्याबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आणि काकू मुलाकडे बंगळुरूला गेलात तेव्हा मी नेमकी गावी होते, त्यामुळे निरोप घ्यायचा राहूनच गेला. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच "टेकडीवरच्या खाणीत पाणी किती चढलं?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. माझ्यासारख्या बायका पुण्यात घरोघरी आहेत. प्रत्येकीला तुमच्यासारखं कुणी भेटतंच असं नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आलेली जवळजवळ प्रत्येक बाई माझा हात हातात घेऊन म्हणायची, "खूप केलंस गं तू त्यांचं. आता सुटलीस." वाईट हेतू कुणाचाच नव्हता, तरी तो शब्द मला टोचत राहायचा. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि माझा सगळा दिवस त्या एका खोलीत मावला होता. पहाटे उठून कूस बदलायची, पाठ कोरडी करायची, मग पेज, मग गोळ्या, दोन तासांनी पुन्हा कूस. त्यात हयगय झाली की पाठीला जखमा होतात. त्या गेल्यावरही मला त्याच वेळेला जाग यायची, पण उठून करायला काही नसायचं. मी कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडी चढायला लागले ती व्यायामासाठी नव्हे. त्या वेळेला घरात बसवेना, एवढंच कारण होतं.

खाणीच्या काठावर तुम्ही भेटलात, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग घेऊन. मला वाटलं, फुलपाखरं बघायला येणाऱ्यांपैकी असाल. तुम्ही माझं नावगाव विचारलं नाहीत. हातावर एक दगड ठेवलात आणि म्हणालात, "भिंग अगदी डोळ्याला लाव, आणि दगड हळूहळू भिंगाजवळ आण. सगळे उलटं करतात." मी तसं केलं. काळ्या दगडात वाटाण्याएवढी पोकळी होती आणि तिच्यात फिकट गुलाबी, चकचकीत पात्यांची जुडी उभी होती. एका पात्याचं टोक तुटलेलं होतं, तेसुद्धा स्वच्छ दिसत होतं. "स्टिल्बाइट," तुम्ही म्हणालात. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपतं आणि त्यातल्या क्षारांचे स्फटिक होतात, हे तुम्ही समजावून सांगितलंत. आपल्या वाघोलीच्या खाणींतला कॅव्हनसाइट नावाचा निळा स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडून ठेवलेला आहे, हेही तेव्हाच कळलं. माझा जन्म पुण्यातला, तरी यातलं काही मला माहीत नव्हतं.

खाली उतरताना लक्षात आलं की एवढा वेळ त्या खोलीचा विचार मनात आलाच नव्हता. तुम्ही माझं सांत्वन केलं नाहीत. मला बघायला काहीतरी दिलंत. काका, माझा तोल परत आला तो त्यामुळे, असं मी आज खात्रीने म्हणते.

नंतर तुम्ही कितीतरी दाखवलंत. वेताळाच्या देवळापाशी उभं राहून सांगितलंत की हा कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. पाताळेश्वराला नेलंत आणि नंदीच्या गोल मंडपापासून गाभाऱ्यापर्यंत सगळं त्याच काळ्या कातळात कोरून काढलंय, हे हात लावून बघायला लावलंत. जंगली महाराज रस्त्यावरून आयुष्यभर जाते आहे, पण आत जाऊन खांबाला हात मी त्या दिवशी पहिल्यांदा लावला. एवढे कोटी वर्षांचे आकडे ऐकून माझं दुःख लहान झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. ते झालं नाही. आणि तुम्हीही ते आकडे कधी त्यासाठी वापरले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. "जगात किती मोठी दुःखं आहेत" असं ऐकवणारी माणसं मला पुष्कळ भेटली होती.

मग तो लाल पट्टा. बोलता बोलता मी एकदा म्हणाले होते, "काका, ती सगळी वर्षं कोरीच गेली. काही घडलंच नाही त्यांत." तुम्ही ऐकून घेतलंत, काही बोलला नाहीत. पुढे काकूंना आणि मला गाडीत घालून तुम्ही घाटात नेलंत, रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे. वर काळा कातळ, खाली काळा कातळ आणि मध्ये हातभर जाडीचा विटकरी पट्टा, लांबपर्यंत गेलेला. "खरवड नखाने," म्हणालात. मऊ होता, नखात लाल माती बसली. "खालचा लाव्हा थिजला. मग पुष्कळ काळ इथे नवा लाव्हा आला नाही. ऊन, पाऊस, वारा खाऊन वरच्या दगडाची माती झाली. नंतर दुसरा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. आम्ही भूशास्त्रवाले याला बोल म्हणतो. विद्यार्थ्यांना मी पहिल्यांदा हाच शोधायला लावायचो. लाव्हा काय, कुणालाही दिसतो. मध्ये काळ गेला होता हे फक्त यावरून कळतं."

काकूंनी थर्मासमधला चहा ओतला आणि तुम्ही रस्त्याच्या कामांवर बोलायला लागलात.

घरी येऊन मी कपाटातून सासूबाईंची वही काढली. सुरुवातीच्या पानांवर नुसता रक्तदाब आणि गोळ्यांच्या वेळा. पुढे समासात माझ्याच अक्षरात बारीक नोंदी आहेत, त्या मी लिहिल्याचंसुद्धा विसरले होते. "आज 'पाणी' म्हणाल्या." "आज मला हाक मारली, नणंदबाईंच्या नावाने." "गुळाचा शिरा मागितला. दोन चमचे खाल्ला." वाचा गेलेलं माणूस एकेक शब्द परत मिळवत होतं, आणि ते ऐकायला त्या खोलीत मी होते. त्या रात्री मी पुष्कळ रडले, पण ते रडणं आधीच्यासारखं नव्हतं. ती वही आता वर, हाताशी असते. कुणी "सुटलीस" म्हणालं की मी त्यांना शिऱ्याची गोष्ट सांगते.

आमच्याच इमारतीत एकीच्या वडिलांना झटका आला आहे. मी रोज संध्याकाळी जाते. चादरीच्या आधाराने एकट्या माणसाला कूस कशी बदलता येते ते तिला दाखवलं. वही घालायलाही सांगितलं आहे, आणि समास मोठा सोड म्हटलं आहे.

शेजारच्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू झालाय. पायासाठी खोल खणलंय आणि एका बाजूला कातळात मला लालसर थर दिसतो आहे. साइटवरच्या सुपरवायझरने एक ढेकूळ आणून दिलं, ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय. बोलच आहे की नुसता मुरूम, हे मला नक्की सांगता येत नाही. फोटो पाठवते. पण दिवाळीला याल तेव्हा प्रत्यक्ष बघा, काँक्रीट पडायच्या आत आलात तर बरं.

काकूंना नमस्कार सांगा. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याबद्दल मनापासून आभार, काका. या वेळी विषय बदलता येणार नाही.

तुमची,
टेकडीवरची विद्यार्थिनी