सोलापुरात भाविक येतो, पण मुक्कामाला थांबत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जिल्ह्याच्या पर्यटन विकासाचे आराखडे अधूनमधून जाहीर होतात. त्यांत स्वागतकमान असते, घाट असतो, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे आणि बगीचा असतो. बाहेरगावच्या माणसाने सोलापुरात एक रात्र कशासाठी काढावी, याचे उत्तर मात्र त्यांत सापडत नाही.

शहरापासून अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीसच्या आसपास, पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर. तिन्ही ठिकाणी वर्षभर रीघ असते. भाविक गाडी ठरवतो, एका दिवसात दोन किंवा तीन दर्शने उरकतो आणि रात्री परतीच्या वाटेला लागतो. शहराच्या वाट्याला फार तर एक जेवण आणि एक चादर येते. नवे पर्यटक आणण्याआधी, दारावरून जाणाऱ्या या माणसाला अर्धा दिवस जास्त थांबवणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी काम आहे. लॉज, रिक्षा, खाणावळ, शेंगाचटणीचे दुकान, मागवाला, सगळ्यांचा धंदा त्या एका मुक्कामावर अवलंबून आहे.

आधी पैशाच्या वाटेबद्दल. एखाद्या स्थळाला ‘क’ वर्ग दर्जा जिल्हा नियोजन समितीतून मिळतो, त्यापुढचा दर्जा आणि प्रादेशिक पर्यटन विकास योजनेचा निधी राज्य पातळीवरून येतो. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. मध्ये एखादी आचारसंहिता आली की काम फेब्रुवारीत सुरू होते आणि मार्चअखेरच्या बिलासाठी घाईने संपते. काम झाले की वास्तू ग्रामपंचायतीच्या ताब्यात जाते. स्वच्छतागृह बांधायला लाखो रुपये मिळतात, पण बोअरच्या मोटारीचे वीजबिल, टाकीची सफाई आणि झाडूवाल्या बाईंचा पगार कुठल्याच लेखाशीर्षात बसत नाही. छोट्या ग्रामपंचायतीला हा खर्च झेपत नाही. पहिली मोटार जळते, दाराला कुलूप लागते आणि दोन पावसाळ्यांत दरवाजाही जातो. म्हणून कुठल्याही नव्या बांधकामाला मान्यता देताना पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा करार, त्याची रक्कम आणि जबाबदार माणूस त्याच कागदावर असला पाहिजे. तो नसेल तर बांधकाम नको. जुनेच चालू करा.

आता हत्तरसंग कुडल. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथले हे संगमेश्वराचे देऊळ. त्याच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात कोरीव लेखांत त्याची गणना होते. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिराच्या आवारात उत्खननात मिळालेले बहुमुखी शिवलिंग आहे. त्याच्या अंगावर ओळीने कोरलेले चेहरे मोजले तर ३५९ भरतात, आणि मूळ लिंग धरून ३६० असे सांगण्याचा प्रघात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हा दर्जा शाळकरी मुलांना डोळ्यांनी दाखवता येईल अशा ज्या मोजक्या जागा महाराष्ट्रात आहेत, त्यांतली ही एक आहे.

पण लेख दाखवायचा कसा, हे नीट समजून घ्यावे लागते. डोक्यावरच्या तुळईवरची उथळ अक्षरे समोरून बॅटरी मारली की सपाट दिसतात. प्रकाश बाजूने, दगडाला जवळजवळ घासून गेला की प्रत्येक अक्षराच्या एका काठाला सावली पडते आणि ओळ उठून येते. यासाठी कमी ताकदीचा, उष्णता न देणारा एकच एलईडी दिवा पुरतो. तो दगडात खिळा न ठोकता सुट्या स्टँडवर बसवावा आणि माणूस आला की लावावा. शेजारी लेखाचा पूर्ण मापाचा ठसा, खाली देवनागरी वाचन आणि आजच्या मराठीत अर्थ, एवढे लावले तर जुनी अक्षरे वाचता न येणाऱ्या माणसालाही लेख कळेल. अक्षरांवर तेल, गुलाल, खडू, रंग काहीही चालत नाही. ऑइल पेंटने दगडाची छिद्रे बुजतात, आतला ओलावा आणि क्षार बाहेर पडायला जागा शोधतात आणि वरचा पापुद्रा अक्षरासकट सुटतो. सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूच्या माऱ्याने, मंदिर स्वच्छ दिसते, पण छिन्नीची धार कायमची जाते. सांधे सिमेंटने भरले तर पाणी सांध्याऐवजी दगडातून वाट काढते, म्हणून तिथे चुन्याचेच मिश्रण हवे. हे कलम निविदेत शब्दशः लिहिले पाहिजे, कारण साध्या बांधकाम ठेकेदाराला ‘सुशोभीकरण’ म्हटले की रंगाचा डबाच आठवतो.

जागा संगमाची आहे, तेव्हा पूररेषेचा विचारही तितकाच निकडीचा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने जिल्ह्यात काय केले ते सर्वांनी पाहिले. उजनी धरणातून भीमेत सोडलेले पाणी आणि सीनेचा पूर एकाच वेळी आला की संगमावर फुगवटा येतो. तिकीटघर, उपाहारगृह, विजेची पेटी यांपैकी काहीही काठावर नको. काठावर फक्त धुऊन निघेल असे दगडी बसणे चालेल.

शहरात थांबवायला सर्वांत भक्कम कारण आहे पूर्व भागातले माग. सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. गिरण्या गेल्या, पण चादर आणि टेरी टॉवेल अजून इथे विणले जातात आणि दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरी चादर घेणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांनी ती विणताना पाहिलेली नसते. त्यामुळे बाहेरून आलेला, ‘सोलापुरी’ शिक्का मारलेला माल आणि इथला माल यांतला फरक त्यांना कळत नाही, आणि स्वस्त दिसेल ते उचलले जाते.

माग दाखवायला नवी इमारत लागत नाही. तयार असतील असे चार-पाच कारखानदार, ठरलेली वेळ आणि दहा-बारा जणांचा गट पुरे. क्रम असा असावा: आधी आलेखाच्या कागदावरची नक्षी, मग तिच्यावरून भोके पाडलेली पंच कार्डे, मग ती कार्डे जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढून ताण्याचे (उभे) धागे कसे उचलतात ते, शेवटी बाण्याच्या (आडव्या) धाग्याची कांडी. जकार्डसमोर दोन मिनिटे शांत उभे राहिले की कुठल्या भोकामुळे कुठला धागा वर गेला हे डोळ्यांनी दिसते. दोन पदरी विणीमुळे चादरीच्या दोन्ही बाजूंना तीच नक्षी उलट्या रंगांत उमटते, हेही तिथेच हातात घेऊन दाखवता येते. पाऊण तासात सगळे होते.

हा बेत बिघडतो तो दोन ठिकाणी. कामगार पीसवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, काम करतो. पाहुण्यांसाठी माग थांबला की त्याची मजुरी बुडते आणि तिसऱ्या गटाला तो तोंड फिरवून उभा राहतो. म्हणून प्रत्येकी शुल्क घ्यावे आणि त्यातला ठरलेला वाटा त्याच दिवशी कामगाराच्या हातात पडावा. दुसरा प्रश्न सुरक्षेचा. चालू मागाजवळ पदर, ओढणी, मोकळे केस धोक्याचे, धोटा (आडवा धागा नेणारी नळी) उडण्याची भीती वेगळी. जमिनीवर पिवळा पट्टा, त्यापलीकडे पाऊल नाही, लहान मुले हाताला धरलेली, आणि माहिती माग चालू असताना नव्हे तर बाहेर अंगणात सांगायची, कारण आत खडखडाटात शब्द ऐकू येत नाही.

हंगाम कुठला धरायचा, याचे उत्तर पंचांगातच आहे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा महोत्सव भरवून उपयोग नाही. जानेवारीत मात्र सगळे एकत्र येते. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. त्यांचा स्मृतिदिन आणि गड्ड्याची, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या (सिद्धरामेश्वरांच्या) यात्रेची, सुरुवात लागून येतात. पहिल्या दिवशी शहरभरच्या ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा (प्रतीकात्मक विवाह), होमप्रदीपन, शोभेचे दारूकाम आणि कप्पडकळी हा समारोपाचा विधी. बाराबंदी हा पारंपरिक पांढरा पोशाख घातलेला एकच माणूस नंदीध्वजाची उंच काठी कमरेवर तोलून चालतो, तो क्षण एकदा पाहिलेला माणूस पुन्हा येतो. याच आठवड्यांत शिवारात हुरडा असतो.

अक्षतेच्या दिवशी बाहेरच्या पाहुण्याला कुठे उभे राहायचे, गाडी कुठे लावायची, मिरवणूक किती वाजता कुठे पोचते, हे सांगणारा एक कागदही हाताशी नसतो. धार्मिक विधीत शासनाने लुडबुड करू नये. ते मानकऱ्यांचे आणि देवस्थानचे काम आहे. शासनाने नकाशा, पाणी, फिरती स्वच्छतागृहे, ज्येष्ठांसाठी बसायची सोय आणि चार भाषांतले फलक एवढेच करावे. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू हवेच. सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत, त्यांचे भक्त कर्नाटकातून येतात, आणि फलक मात्र त्यांना वाचता येऊ नये हे बरे नाही. ६८ लिंगांची वाट एका दिवसात पाहुण्याला झेपत नाही. तिचे पेठांनुसार तीन-चार टप्पे पाडून प्रत्येक लिंगापाशी क्रमांकाची छोटी पाटी लावली तर तीच शहर पाहण्याची उत्तम वाट होईल.

उजनीच्या जलपर्यटनाबद्दल मात्र सावध राहावे. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. वळवाचा वारा दुपारनंतर अचानक उठतो. एप्रिल ते जून दुपारी दोननंतर बोट बंद, प्रत्येकाच्या अंगात बांधलेले जॅकेट, बोटीवर रंगवलेली आसनसंख्या आणि काठावर वाऱ्याचा इशारा पाहून बोट रोखण्याचा अधिकार असलेला माणूस, एवढे नसेल तर प्रकल्प उघडूच नये. शिवाय रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात ते पाणी ओसरून उघड्या पडलेल्या उथळ काठावर. तिथे मोटारबोटी नेल्या तर ज्यांच्यासाठी माणसे येतात तेच उडून जातील.

सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावर दुर्मीळ माळढोक पक्षी दिसेल असे आश्वासन जाहिरातीत देऊ नये. काळवीट आणि गवताळ माळ हेच तिथले खरे दर्शन आहे. वेळापूरचे अर्धनारी नटेश्वर आणि माचणूरचे सिद्धेश्वर मंदिर पंढरपूरच्या बाजूने, तर करमाळ्याचे कमलाभवानी मंदिर उजनीच्या बाजूने जोडता येते. त्यांना वेगळा आराखडा लागत नाही, चालू रस्त्यांवर वळणाच्या आधी ठळक दिशाफलक लागतात.

एक लहान बाब, पण मुक्काम तिच्यावरच ठरतो. मुंबईची वंदे भारत रात्री साडेदहानंतर पोचते आणि परतीची सकाळी सहाच्या सुमारास सुटते. म्हणजे पाहुणा उतरतो तेव्हा चौकशीची खिडकी बंद असते. स्थानकावर रात्री बारापर्यंत उघडा राहणारा माहिती कक्ष, रिक्षाचे छापील दरपत्रक आणि दुसऱ्या दिवसाची आखणी सांगणारा माणूस तिथे हवा. आखणी सोपी आहे: सकाळी सिद्धेश्वर आणि भुईकोट, अकराला माग, दुपारी कडक भाकरी-शेंगाचटणीचे जेवण, तीनला कुडलकडे, अंधाराआधी परत.

पुढच्या वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात आकार घेतो. ज्या गावांना आपले स्थळ पुढे न्यायचे आहे, त्यांनी दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ठराव करून त्याला जागेचा सातबारा, संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व खात्याचे ना-हरकत पत्र आणि पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च जोडावा. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत परवानगीची अट असते, ती केंद्र संरक्षित स्मारकांसाठी. प्रस्ताव याच कारणाने परत येऊ नये म्हणून आधी मोजणी करून घ्यावी.

आपले,
सोलापुरातील काही मार्गदर्शक, वाहनचालक आणि वारसा अभ्यासक