कन्हानमधले सूक्ष्म जीव तिन्ही ऋतूंत मोजा

महोदय,

नागपुरातल्या नाग, पिवळी आणि पोरा नद्यांच्या सफाईच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो. गाळ किती निघाला, किती टिप्पर भरले हे कळते. पाण्यात जिवंत काय उरले, हे मात्र कधी छापून येत नाही. नागचे पाणी शेवटी कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे वैनगंगेला. म्हणून कन्हानमधल्या प्राणिप्लवकांची मोजणी व्हावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

प्राणिप्लवक म्हणजे प्रवाहासोबत वाहणारे रोटिफर, डॅफ्निया, सायक्लॉप्स असे बारीक जीव. बारीक जाळीच्या कापडातून नदीचे पाणी गाळून उरलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की रोटिफरच्या तोंडाशी चाके गरगरल्यासारखी दिसतात. चाके नव्हेत, केसांची लगबग असते ती. सायक्लॉप्सची मादी अंड्यांच्या दोन पिशव्या सांभाळत झटक्याझटक्याने पळते. माशांच्या पिल्लांचे पहिले अन्न हेच, आणि कटला तर मोठा झाल्यावरही यांच्यावरच जगतो. काठावरच्या मासेमार ढीवर बांधवांची चूल या थेंबाशी जोडलेली आहे.

एप्रिल-मेमध्ये धार बारीक होते, पाणी तापते, शेवाळ वाढते आणि रोटिफरची रेलचेल होते. जुलै-ऑगस्टच्या गढूळ लोंढ्यात बहुतेक सारे वाहून जातात. दिवाळीनंतर पाणी निवळले की पुन्हा भर पडू लागते. म्हणून मेमधला एकच नमुना पाहून नदी ठणठणीत म्हणणे चूक, तसेच ऑगस्टमधला पाहून मेली म्हणणेही. सांडपाणी मिसळते तिथे तर आकडा हमखास फसवतो. जीव भरपूर, पण त्यातले बरेचसे ब्रॅकिओनस या रोटिफरसारख्या मोजक्या प्रकारांचे! किती जीव यापेक्षा किती प्रकारचे, हे पाहायला हवे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. प्राणिशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयांकडे सूक्ष्मदर्शक आहेत, विद्यार्थी आहेत. १९५८ पासून आपल्याच शहरात असलेल्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, पद्धत ठरवून द्यावी. नागचे पाणी मिसळते त्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन जागा कायमच्या ठरवाव्यात. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, प्रत्येक ऋतूत तिथूनच नमुने घ्यावेत आणि सापडलेल्या प्रकारांची यादी आपण छापावी. पहिली मोजणी पावसाआधी व्हायला हवी. एकदा पूर आला की यंदाच्या उन्हाळ्याची नोंद हातून गेली.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, नागपूर