सूज उतरेपर्यंत थांब

चिपळूण

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

वहिनींचा फोन आला होता. ‘पायाला बाहेरून रॉड लावून ठेवलेत आणि ऑपरेशनचं नाव काढत नाहीत’ म्हणून तू दुसऱ्या हॉस्पिटलात हलायचं म्हणतोयस. फोनवर तू पुरतं ऐकून घेणार नाहीस, म्हणून लिहितोय.

दादाचाही पाय असाच मोडला होता, त्याचं काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. पावसाआधी कौलं शाकारायला चढला, घसरला आणि सरळ टाचांवर आला. असं पडलं की घोट्याचं हाड मुसळासारखं नडगीच्या खालच्या टोकात घुसतं आणि सांध्याचा पृष्ठभागच फुटतो. ते तुकडे एका पातळीत बसवावे लागतात. जरा खाली-वर राहिले तर पुढे सांधा लवकर झिजतो.

पण थांबावं लागतं ते कातडीसाठी. चांगल्या पायाच्या नडगीवर आतल्या बाजूने बोट फिरव, कातडीखाली लगेच हाडच लागेल. तिथे मांस नाही, रक्तपुरवठाही बेताचा. पाय सुजून तट्ट असताना चीर दिली तर जखम मिटत नाही, पू होतो, कधी हाड जोडायला आत बसवलेली प्लेटही उघडी पडते. पूर्वी घाईने प्लेट बसवायचे तेव्हा हे फार व्हायचं. म्हणून १९९० च्या दशकात दोन टप्प्यांची पद्धत रुळली: आधी हाड जागेवर धरायला बाहेरचे रॉड, मग सीटी स्कॅन, आणि सूज उतरल्यावर प्लेट-स्क्रू. बहुतेकदा १० ते १४ दिवस जातात, कधी तीन आठवडेही.

दादाच्या पायावर पाण्याचे फोड आले होते. सर्जन रोज सकाळी घोट्याजवळची कातडी निरखायचे, ‘अजून नाही’ म्हणायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. मग एके दिवशी तिथे बारीक सुरकुत्या दिसल्या, म्हणजे सूज उतरली, तेव्हा कुठे त्यांनी तारीख दिली. तूही डॉक्टरांना सुरकुत्यांचं विचार, तारखेचा तगादा लावू नकोस.

तोवर पाय उशांवर उंच ठेव. रॉड धरणाऱ्या पिनांभोवती पू दिसला, बोटं बधिर झाली किंवा दुखणं एकदम असह्य झालं, तर रात्री-अपरात्रीही सिस्टरला उठव. आणि तंबाखू आजपासून बंद. तिने हाड जुळायला उशीर होतो, जखमही चिघळते. यात मी तुझं काही ऐकणार नाही.

ऑपरेशननंतर साधारण १० ते १२ आठवडे पाय टेकता येत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हापासून घोटा मात्र हलवत राहायचा, नाहीतर तो आखडतो. दादाला हाच काळ सगळ्यात जड गेला. संडासला जायलाही कुणाचा तरी खांदा लागायचा, त्याची फार लाज वाटायची त्याला. पाय पहिल्यासारखा होईल असं मी सांगणार नाही. दादाला अजून उकिडवं बसता येत नाही, संध्याकाळी घोटा सुजतो. पण तो बाजारात चालत जातो, आणि यंदा लावणीच्या वेळी दिवसभर बांधावर उभा होता.

रविवारी येतोय. दादाचा वॉकर आणि कमोडची खुर्ची गाडीत टाकून आणतो, विकत घेऊ नका. तोवर हॉस्पिटल बदलू नकोस. मनात शंका असेलच तर सीटी स्कॅन झाल्यावर रिपोर्ट दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवू, मी बरोबर येईन.

तुझा,
अरुण