वरच्या टेपाडावर ट्रॅक्टर घालण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या आतेबहिणीचं आहे, बोलणं माझं. डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा आहे, आणि महिनाभर धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. काल फोनवर तू म्हणालास, "आबा, तुम्ही कराडहून येईपर्यंत वरच्या टेपाडाची नांगरट उरकून टाकतो." तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. फोनवर सांगायला गेलो की तू "हो, हो" म्हणून ठेवतोस, म्हणून हे पत्र. रात्री जेवण झाल्यावर सावकाश वाच.

खालच्या ताली, बांध घालून केलेली ती पायऱ्यांची शेतं, तू माझ्यापेक्षा चांगल्या नांगरतोस, हे मी चार माणसांत सांगतो. पण टेपाडाचं काम वेगळं आहे.

ट्रॅक्टरला चाकं चार दिसतात, पण तोल तो तीन पायांवर धरतो. पुढचा एक्सल मधोमध एका पिनेवर झुलतो, तू ग्रीस मारताना बघितलायस. ती पिन आणि मागची दोन चाकं, एवढ्या तिकोनात त्याचा सगळा भार राहायला हवा. दोन टनांच्या आसपासचं धूड, त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स जमिनीपासून वर. भार तिकोनाबाहेर गेला तरी पुढची दोन्ही चाकं जमिनीला टेकलेलीच असतात, म्हणून खुर्चीवरच्या माणसाला ते कळतच नाही. कळतं तेव्हा वेळ गेलेली असते.

आता नांगरट. कृषी सहायक सांगतात उताराला आडवं नांगरा, माती वाहून जात नाही. खरं आहे ते, आपल्या कोयनेच्या खोऱ्यातल्या पावसात उभी नांगरट केली तर टेपाड दोन वर्षांत मुरमाला लागेल. पण ट्रॅक्टर कलंडतो तोही आडवा चालतानाच. हा पेच आहे, आणि तो मला बऱ्याच वर्षांनी सुटला. नांगराची माती नेहमी चढाच्या बाजूला पडू दे. म्हणजे सुरुवात वरच्या बांधापासून करायची आणि एकेक तास, म्हणजे नांगराची चर, घेत खाली यायचं. असं केलं की तासात उतरणारं चाक चढाच्या बाजूचं असतं, ते वीतभर खाली जातं आणि ट्रॅक्टर पुष्कळसा सपाटीवर येतो. उलट केलंस, माती खाली टाकत गेलास, तर तासातलं चाक उताराच्या बाजूचं, म्हणजे आधीच कललेला ट्रॅक्टर आणखी कलतो. आपला नांगर पल्टी आहे, जाताना-येताना दोन्ही वेळा माती वर टाकता येते. इंजिनाला थोडा जास्त जोर पडेल, पडू दे.

आणि तालीच्या कडेला चिकटून नांगरू नकोस. ताल जेवढी उंच, निदान तेवढं अंतर आत राहायचं. पुरुषभर उंचीची ताल असेल तर पुरुषभर पट्टा सोड, तो कुदळीनं खणून घेऊ. वळवाचा पाऊस होऊन गेला असेल तर आणखी आत. भिजलेली ताल वरून भक्कम दिसते आणि चाकाच्या ओझ्यानं आतून सुटते. वळताना रेस कमी कर. वेग दुप्पट झाला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो.

एक गोष्ट तुझ्या आईलाही मी सांगितलेली नाही. तू चौथीत असशील. वरच्या बांधावरचं ऐनाचं खोड काढायचं होतं. ड्रॉबारला, म्हणजे मागच्या खालच्या ओढदांड्याला, साखळी लावली तर ती आखूड पडत होती, म्हणून वर, नांगर वरून धरणाऱ्या टॉप लिंकच्या कानाला अडकवली. पहिला लो गिअर टाकला, रेस दिली, क्लच सोडला. खोड हललं नाही. समोरचं बॉनेट वर आलं आणि मला त्याच्यामागचा डोंगर दिसेनासा झाला, नुसतं आभाळ. पायानं आपोआप क्लच दाबला आणि पुढची चाकं धाडकन खाली आदळली. हे लिहिणारी तुझी बहीण म्हणते, पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा जागी पोचतो की मग काही केलं तरी मागं उलटतोच. पाऊण सेकंद! माझा पाय तेवढ्यात दाबला गेला हे माझं शहाणपण नव्हे. मी खाली उतरलो आणि तासभर त्या खोडाशेजारी बसून राहिलो. ओढायचं ते फक्त ड्रॉबारला, खालीच. चिखलात मागचं चाक रुतलं तर पुढं ओंडका घालून रेस देऊ नकोस. चाक अडलं की ट्रॅक्टर चाकाभोवती स्वतः फिरतो, तोच प्रकार होतो. माघारी काढ, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलव.

शेणखताची ट्रॉली वर न्यायची तर अर्धीच भर, दोन खेपा जास्त होतील. उतार लागायच्या आधीच, वर असतानाच गिअर टाकून घ्यायचा, ज्या गिअरनं चढलास त्याच गिअरनं उतरायचं. मधेच क्लच दाबायचा नाही, डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच नाही. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही, ती मागून ढकलते आणि ट्रॅक्टरला आडवा करते. शेतात वळायला तू ब्रेकचे दोन पेडल सुटे ठेवतोस, ते बांधावरून बाहेर पडताना पट्टीनं जोडून घे. एकाच चाकाला ब्रेक लागला तर उतारावर काय होईल ते सांगायला नको.

मडगार्डवर कुणी बसायचं नाही. शेजारची पोरं हट्ट करतील, रडली तरी नाही.

बहीण राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकते. ती सांगत होती, स्वीडननं 1959 सालीच नव्या ट्रॅक्टरला माणूस वाचवणारी लोखंडी चौकट सक्तीची केली. आपल्या ट्रॅक्टरवर उन्हासाठी जे हूड आहे ते म्हणजे चौकट नव्हे, ट्रॅक्टरखाली आलं तर पत्र्यासारखं चेपेल. मॉडेलला बसणारी, तपासून पास झालेली चौकट आणि सीटचा पट्टा दोन्ही बसवून घेऊ, ऊसबिल आलं की पहिलं काम ते. चौकट नसताना नुसता पट्टा बांधायचा नाही, आणि चौकट बसली की पट्ट्याशिवाय बसायचं नाही.

हे सगळं टेपाडाच्या खालच्या अर्ध्या भागासाठी सांगितलं. वरचा अर्धा, जिथं बैलही आडवा चालताना खालचा पाय चाचपून टाकतो, तिथं ट्रॅक्टर न्यायचाच नाही. तिथं नाचणीच करायची आहे. खालच्या आळीतल्या बैलजोडीवाल्याला सांगून ठेव, दोन दिवसांचं काम आहे, पैसे आईकडं ठेवलेत.

ट्रॉलीच्या हुकाच्या खिळीला अडकवायची क्लिप मागच्या आठवड्यात तुटली, तिथं मी तात्पुरती तार बांधलीय. ती तार उतारावर टिकायची नाही. मी येताना इथून दोन क्लिपा आणतो, तोवर ट्रॉली जोडू नकोस.

तुझे,
आबा