लेकीला काय वाचायला द्यावं?

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

पत्र पोचलं. लेक कॉलेजात जायला लागली आणि ‘देव चांगला आहे तर जगात एवढं दुःख का?’ म्हणून तुला धारेवर धरते, हे वाचून मला बरंच वाटलं. विचारतेय म्हणजे तिला पडलेली आहे. तू मागतोस ती विश्वासाच्या समर्थनाची पुस्तकं सांगतो, पण वादात समोरच्याला गप्प करायला शिकवणारी मात्र देऊ नकोस. बायबलमध्ये प्रेषित पेत्र आपल्या आशेविषयी उत्तर द्यायला तयार राहा म्हणतो, पण सौम्यतेने.

सुरुवात सी. एस. लुईस या इंग्रजी लेखकापासून कर. तरुणपणी तो पक्का नास्तिक होता. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवर केलेल्या त्याच्या भाषणांतून ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ (१९५२) तयार झालं. पण तिचा प्रश्न दुःखाचा, म्हणून त्याची आणखी दोन पुस्तकं लागोपाठच वाचायला हवीत. ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’मध्ये (१९४०) तो शांतपणे एकेक मुद्दा मांडतो. १९६० साली बायको कर्करोगाने गेली आणि पुढच्या वर्षी ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ आलं, तेही टोपणनावाने. त्यात हाच माणूस म्हणतो, ऐन गरजेला देवाकडे जावं तर तोंडावर दार आपटतं आणि आतून कडी लावल्याचा आवाज येतो. नुसतं पहिलं वाचलं तर उत्तरं पाठ होतील. विश्वास ठेवणाऱ्यालाही देवाशी असं भांडता येतं, हे तिला दुसऱ्यात सापडेल. बायबलमधल्या स्तोत्रांत दावीद राजा तरी दुसरं काय करतो?

आणि पंडिता रमाबाईंची १९०७ ची साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो याची त्यांनी स्वतः सांगितलेली हकिकत. छोटंसं पुस्तक, पण त्यात इंग्लंडमधल्या फुलहॅमचा प्रसंग आहे. समाजाने टाकून दिलेल्या बायकांची तिथे सेवा चाललेली पाहून, तुम्ही यांच्यासाठी एवढं का करता, असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरने, म्हणजे जोगिणीने, त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली, येशू शोमरोनी स्त्रीशी बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) विषयांवर त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून त्यांचा वाद सुरूच राहिला. मला त्यांचं हे फार मोलाचं वाटतं. लेकीला आवर्जून सांग.

‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ माझ्याकडे आहे, कुरिअरने पाठवतो. साक्ष मात्र तिच्या हातात देण्याआधी तू स्वतः वाच.

वहिनींना सलाम.

तुझा,
जुना मित्र