डॉक कुठे ठेवायचा ते वापरणाऱ्याला ठरवू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात कॉम्प्युटर-मोबाइलवर जे काही येतं ते बहुतेक नवीन फोन, नवीन एआय, अमक्याचा कॅमेरा तमक्याची बॅटरी असंच असतं, आणि लाखो लोक दिवसभर ज्याच्याकडे बघत बसतात त्या साध्या डेस्कटॉपबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहून बघू. विषय छोटा आहे, हसलात तरी चालेल. स्क्रीनवर ॲपच्या आयकॉन्सची जी पट्टी असते ना, मॅक आणि लिनक्सवाले तिला डॉक म्हणतात, विंडोजवाले टास्कबार, ती कुठल्या कडेला असावी हा माझा प्रश्न. आणि माझं म्हणणं एवढंच की हे स्क्रीनसमोर बसणाऱ्याने ठरवायचं, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने नाही. स्वयंपाकघरात कुठला डबा कुठल्या फळीवर ठेवायचा हे बिल्डर ठरवतो का?

बहुतेक लोकांची पट्टी खाली असते कारण ती आली तेव्हापासून खालीच आहे, बाकी काही कारण नाही. विंडोज ९५ मध्ये टास्कबार आला तेव्हा स्क्रीन जवळजवळ चौकोनीच असायच्या, ४:३ च्या, म्हणजे १०२४ बाय ७६८ पिक्सेल (स्क्रीनवरचे ठिपके) वगैरे, तिथे खालून थोडी जागा गेली तरी फार जाणवायचं नाही. नंतर स्क्रीन आडव्या पसरल्या, १६:९ झाल्या, रुंदी भरपूर आणि उंची बेताची, पण पट्टी आपली तिथेच. स्वस्तातल्या लॅपटॉपवर तर कितीतरी वर्षं १३६६ बाय ७६८ हेच माप होतं. आता हिशोब करा. पट्टी ४० पिक्सेलची धरली तर ७६८ मधले ४० म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त उंची गेली, आणि तीच पट्टी बाजूला उभी केली तर १३६६ मधले ४० म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत. वर परत ब्राउझरचे टॅब, ॲड्रेसबार, वर्डची ती जाडजूड रिबन, हे सगळं उंचीच खातं, रुंदीला कोणी हातही लावत नाही! एक्सेलमध्ये मूळ मापाची एक ओळ २० पिक्सेलची असते, म्हणजे पट्टी बाजूला नेली की जवळपास दोन ओळी फुकटात जास्त दिसतात, आणि मॅकवर डॉक मोठा करून ठेवायची सवय असेल तर चार-पाच ओळीसुद्धा. आपण वाचतो लिहितो ते सगळं वरून खाली जातं, कागद उभा, वेबसाइटवर तर दोन्ही बाजूंना पांढरी जागा नुसती पडून असते. त्या पडीक जागेत आयकॉन उभे केले तर कोणाचं काय जातं?

करायला एक मिनिट लागत नाही, तरी माहीत नसणारे खूप भेटतात. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप अँड डॉक उघडायचं, तिथे पोझिशन ऑन स्क्रीन असतं, डावी, खाली, उजवी यातलं एक निवडायचं, झालं. (वर मिळत नाही कारण तिथे मेनूबार बसलेला असतो, ते ठीकच आहे.) त्याहून सोपं म्हणजे डॉकमध्ये ॲप आणि कचऱ्याची टोपली यांच्यामध्ये जी बारीक रेघ असते तिच्यावर राइट क्लिक करा, तिथेच पर्याय येतो, किंवा शिफ्ट दाबून ती रेघ पकडून सरळ डाव्या कडेला ओढा, डॉक मागोमाग येतो. उबुंटूमध्ये (लिनक्सचाच एक प्रकार) सेटिंग्जमध्ये उबुंटू डेस्कटॉपखाली, जुन्या आवृत्त्यांत अपिअरन्सखाली, डॉकची जागा बदलता येते. क्रोमबुकवर खालच्या पट्टीवर राइट क्लिक केलं की शेल्फ पोझिशन दिसतं. केडीई प्लाझ्मा या लिनक्सवरच्या डेस्कटॉपवाल्यांना तर मी काय सांगणार, ते चारी बाजूंना चार पट्ट्या लावून बसलेले असतात.

आता विंडोज. ९५ पासून १० पर्यंत टास्कबार चारही कडांना नेता यायचा, माउसने धरायचा आणि ओढायचा. चुकून ओढला जायचा हेही खरं, पट्टी अचानक उभी झाली की लोकांना कॉम्प्युटरच बिघडला असं वाटायचं, म्हणून विंडोज एक्सपीत लॉक द टास्कबार अशी टिक दिली, ते शहाणपणाचं काम होतं. मग २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि त्यात ही सोयच गायब. आयकॉन मधोमध हवेत की डावीकडे एवढं विचारलं, पण पट्टी मात्र खाली. लोकांनी ओरडा केला, तेव्हा कंपनीच्या लोकांनी २०२२ मध्ये जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की बाजूची पट्टी म्हटली की सगळ्या ॲपना मांडणी नव्याने जुळवावी लागते, काम प्रचंड आहे आणि मागणारे मूठभर आहेत. काम प्रचंड असेल, मी नाही म्हणत नाही, टास्कबार नव्याने लिहिला होता म्हणे. पण मूठभर हे कारण मला मुळीच पटत नाही. जगभरात विंडोज वापरणारे इतके आहेत की त्यातले मूठभर म्हणजेसुद्धा मोठी गर्दी होते, आणि जी गोष्ट २५ वर्षं लोकांच्या हाताखाली होती ती काढून घेणं आणि नवीन काहीतरी न देणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत हो.

आणि हे फक्त मोठ्या कंपन्याच करतात असंही नाही. उबुंटूने २०१० च्या सुमारास युनिटी नावाचा नवा डेस्कटॉप आणला, त्यात लाँचर (म्हणजे त्यांचा डॉक) डावीकडे, जे मला स्वतःला आवडायचं, पण कोणी म्हटलं की मला खाली हवाय तर उत्तर नाही असं यायचं. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी स्वतः सांगितलं होतं की लाँचर उबुंटूच्या बटणाच्या जवळच असला पाहिजे, ते आमच्या डिझाइनमध्ये बसत नाही, विषय बंद. मग २०१६ मध्ये उबुंटू १६.०४ आलं त्यात लाँचर खाली नेता यायला लागला. काही आभाळ कोसळलं नाही. त्यामुळे डिझाइनमध्ये बसत नाही असं कोणी म्हणालं की मी ते फार मनावर घेत नाही. इथे लक्षात घ्या, मला आवडणारी बाजूच तिथे सक्तीची होती, तरी ती सक्ती मला चूकच वाटते.

डावीकडे की उजवीकडे, यावर मात्र थोडा विचार करायला हवा, सगळ्यांना एकच उत्तर नाही. उजवीकडे बहुतेक ॲपच्या विंडोचा स्क्रोलबार असतो, डॉक आपोआप लपणारा ठेवला असेल तर स्क्रोल करायला गेलं की डॉकच बाहेर येतो आणि चिडचिड होते. मॅकवर डेस्कटॉपच्या फाइल्सही उजवीकडून लागतात, म्हणून मॅकवाल्यांनी डावी बाजू बघावी. तरी गंमत अशी की मॅकचा डॉक ज्या नेक्स्टस्टेपवरून आला, स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीचं १९८० च्या दशकाच्या शेवटचं सॉफ्टवेअर, त्यात डॉक उजव्या कडेलाच उभा असायचा! म्हणजे उभा डॉक हे काही नवीन फॅड नाही.

दोन मॉनिटर असतील तर अजून एक गोष्ट. मॅकवर डॉक खाली असला की ज्या स्क्रीनच्या तळाशी माउस टेकवाल तिथे तो उडी मारून जातो, नको तेव्हा जातो. डावीकडे ठेवला तर सगळ्यात डाव्या स्क्रीनच्या कडेला राहतो, कुठे जात नाही. पण दोन स्क्रीनच्या मधल्या कडेला पट्टी कधी ठेवू नये. पॉल फिट्स यांचा १९५४ चा नियम आहे, लक्ष्य जितकं जवळ आणि जितकं मोठं तितकं ते पटकन गाठता येतं, आणि स्क्रीनच्या कडेला पॉइंटर आपोआप अडतो म्हणून कडेचं बटण प्रत्यक्षात असतं त्याहून खूप मोठं असल्यासारखं वागतं, डोळे न लावता माउस भिरकावला तरी लागतं. मधल्या कडेला पॉइंटर अडतच नाही, सरळ पलीकडच्या स्क्रीनवर निसटतो, सगळा फायदा गेला.

काही लोक म्हणतील, मग डॉक लपवूनच ठेवा की, मॅकवर ऑप्शन, कमांड आणि डी दाबलं की जातो, भांडणच नको. ज्यांना जमतं त्यांनी करावं. मला स्वतःला कुठलं ॲप उघडं आहे, कुठे नवीन मेल आलाय तो लाल आकडा समोर दिसलेला बरा वाटतो, आणि नवख्या माणसाला लपलेली गोष्ट सापडतच नाही. उभ्या पट्टीत एक खोट आहे ती सांगतो, विंडोच्या नावासकट आयकॉन हवे असतील तर पट्टी रुंद करावी लागते आणि मग जागा वाचवली कुठे, तेव्हा नुसते आयकॉन ओळखता येत असतील तरच बाजूला न्या. अल्ट्रावाइड मॉनिटरवाल्यांनाही कदाचित खालीच बरी, कारण बाजूची कड डोळ्यांपासून फार लांब पडते.

शेवटचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसलो, तो ऑफिसच्या आणि शाळा-कॉलेजच्या कॉम्प्युटरचा. तिथे ॲडमिन लोक टास्कबारच्या सगळ्या सेटिंग ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनना एकदम नियम लावायची विंडोजची सोय) लॉक करून ठेवतात, कारण म्हणे सगळ्या मशीन सारख्या दिसल्या की सपोर्ट देणं सोपं जातं. पण ही सेटिंग मशीनची नसते, त्या त्या लॉगिनची असते, विंडोज १० किंवा त्याआधीच्या मशीनवर मी माझ्या लॉगिनमध्ये पट्टी डावीकडे नेली तर शेजारच्याच्या लॉगिनमध्ये ती जिथे होती तिथेच राहते. अडचण येते ती फक्त एकच लॉगिन दहा जण वापरतात तिथे, आणि तिथे प्रश्न पट्टीचा नाही, एका पासवर्डवर दहा जण बसवण्याचा आहे. आपल्या वाचकांत असे ॲडमिन नक्की असतील, त्यांनी पासवर्डचं आणि वॉलपेपरचं जे काय लॉक करायचं ते करावं, पण निदान टास्कबारची जागा तरी उघडी ठेवता येते का ते बघावं, आणि येत नसेल तर का नाही ते याच सदरात लिहून कळवावं.

कळावे,
आपला एक नियमित वाचक